प्रसादाचं निमित्त

संशय घेणं हा माझा धंदाच आहे म्हणा ना. पेशंट "मला आता बरं वाटतंय" म्हणाला की मी आधी त्याची नखं बघते, मग ओठ, आणि मग त्याचं म्हणणं ऐकते. आधी नगरला मिशनच्या दवाखान्यात आणि नंतर इतकी वर्षं डब्लिनमध्ये नर्सिंग करून माणसाच्या तोंडच्या शब्दावर विश्वास ठेवायची सवयच गेली. माझी लेक म्हणते, मम, तू गार्डात भरती व्हायला हवं होतंस. गार्डा म्हणजे इथले पोलीस. ती हे तिच्या आयरिश हेलातल्या इंग्रजीत म्हणते, मी मराठीत "गप गं" म्हणते, आणि आमचं बरं चालतं.

तर आमच्या मराठी ख्रिस्ती मंडळीत प्रसादावरून भांडण झालं, तेव्हा मला पहिल्या दिवसापासून वाटत होतं की हे प्रसादाचं नाही. कुठेतरी पाणी मुरत होतं.

आमची मंडळी ती केवढीशी. एका दिवाणखान्यात दाटीवाटीनं मावेल एवढी. काही डॉक्टर, काही सॉफ्टवेअरवाले, आम्ही दोनतीन नर्सा, आणि अलीकडे वृद्धांच्या नर्सिंग होममध्ये केअरर म्हणून आलेली काही माणसं. महिन्यातून एका रविवारी प्रार्थना, मग प्रभुभोजन, म्हणजे प्रभूच्या आठवणीत घ्यायची भाकर आणि द्राक्षरसाचा प्याला, आणि त्यानंतर प्रीतिभोजन, म्हणजे सगळ्यांनी एकत्र बसून जेवायचं. आमचे पाळक पार पश्चिम किनाऱ्याला, गॉलवेला राहतात. आठवडाभर मेडिकल डिव्हाइसच्या कंपनीत नोकरी करतात आणि त्या रविवारी गाडी हाकत येतात. भला माणूस. फक्त कुठलाही प्रश्न नेला की "ग्रँड, ग्रँड, प्रार्थना करू या" यापुढे त्यांची गाडी जात नाही. ग्रँड म्हणजे इथल्या बोलीत ‘छान, चालेल’.

जमायचं डब्लिनच्या कडेला ॲडम्सटाउनला, एका डॉक्टरीणबाईंच्या घरी. त्या भूलतज्ज्ञ, नवरा मोठ्या कंपनीत. घर मोठं, मन मोठं, पातेली मोठी. इतक्या लोकांचं दर महिन्याला करायचं म्हणजे खायचं काम नाही, हे मी आधीच कबूल करते, नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही म्हणाल की बाई खाल्ल्या घरचे वासे मोजतेय.

आधी आम्ही सहाला जमायचो. मग एकदा ग्रुपवर मेसेज आला की पुढच्या महिन्यापासून चारला जमू, पाळकांना परत लांब जायचं असतं. सगळ्यांनी अंगठे टाकले. मीही टाकला. एकीनं नाही टाकला.

ती जालन्याकडची. तिशीतली बाई, नर्सिंग होममध्ये केअरर. नवरा आणि लहान मुलगी तिकडेच, कागदपत्रांची वाट बघत बसलेली. शेजारच्या लुकनला एका घरात तीन बायांबरोबर राहायची, एक फिलिपिनो, दोघी केरळच्या. दिवसभर म्हाताऱ्यांशी इंग्रजीत, घरी बायांशी इंग्रजीत. मराठी काय ती फोनवर आणि त्या एका रविवारी. "ताई, महिनाभर जीभ कोरडी पडल्यासारखी होते," असं ती मला एकदा म्हणाली होती. रविवारी तिची ड्यूटी पाचला सुटायची. बस पकडून, धावतपळत यायची तोवर सहा. म्हणजे वेळ बदलल्यापासून ती यायची तेव्हा भाकर वाटून झालेली, प्याला झालेला, जेवणही झालेलं. पाळक दारात बूट घालत असायचे. ती सगळ्यांना आमच्या ख्रिस्ती रीतीनं सलाम करायची, स्वयंपाकघरात जाऊन उभ्यानंच जेवायची. भाताची खरवड, रश्शात फोड नाही. वर भांडी घासू लागायची.

महिन्यामागून महिने असंच चाललं. पाळकांना मी एकदा सहज विचारलं, चारची वेळ तुम्हीच सांगितलीत का. ते म्हणाले, "मी? मला सहाही ग्रँड होते." म्हटलं, बघा.

मग सप्टेंबर आला. इथल्या मराठी मंडळाचा गणपती बसला. डॉक्टरीणबाईंचे यजमान मंडळाच्या कमिटीवर, त्यामुळे आरतीच्या फोटोत हे दोघं पुढच्या रांगेत, सिल्कच्या कुडत्यात आणि पैठणीत. फोटो सगळ्यांनी बघितले. कुणी काही बोललं नाही, हे मला जास्त खटकलं. आपल्या माणसांनी गप्प राहणं म्हणजे आत शिजत असतं.

त्या रविवारी जालन्याची नेहमीसारखी उशिरा आली. मी ओट्यापाशी ताटं पुसत होते. तिनं ताटासाठी प्रेस उघडला. इथं कपाटाला प्रेसच म्हणतात. आत मोदकांचा डबा होता. तिनं मला विचारलं, हे काय. मी सांगितलं, मंडळातला प्रसाद. तिनं प्रेसचं दार अगदी हळू लावलं, रिकामं ताट हातात घेऊनच दिवाणखान्यात गेली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "मूर्तीचा प्रसाद खाणाऱ्या हातांनी प्रभूच्या भाकरीचं ताट कसं काय फिरवता तुम्ही?"

ते ताट दर महिन्याला डॉक्टरीणबाईच फिरवायच्या. त्या सोफ्यावरून उठल्यासुद्धा नाहीत. शांतपणे म्हणाल्या, "अगं, मूर्ती म्हणजे माती, आणि मोदक म्हणजे तांदळाची पिठी आणि नारळ. ज्याला समज आहे त्याला त्यात काही नसतं."

ज्याला समज आहे. ते शब्द त्या पोरीला कुठं लागले ते मी उभ्या जागी बघितलं. मलाही ते झोंबलं, खोटं कशाला सांगू. तरी मी ताटंच पुसत राहिले.

दुसऱ्या दिवसापासून ग्रुपवर शास्त्रातल्या, म्हणजे बायबलातल्या, ओळींचा पाऊस. प्रसाद खाल्ला तर चालतो म्हणणारे आणि चालत नाही म्हणणारे, दोघांकडे वचनं तयार. सकाळ-संध्याकाळ एकमेकांना "प्रिय बंधू" म्हणून बोचकारायचे. मी वचनं वाचलीच नाहीत. मी कोण काय म्हणतंय ते बघत बसले. चालतो म्हणणारे सगळे घरवाले. स्वतःचं घर, दोन गाड्या, मंडळाच्या दिवाळीला आमंत्रण. चालत नाही म्हणणारे सगळे खोलीवाले. भाड्याची खोली, बसचं कार्ड, मंडळात त्यांना कुणी ओळखतही नाही. एक माणूस इकडचा तिकडे नव्हता. श्रद्धा अशी घरं बघून वाटली जाते होय?

त्याच सुमारास मी मंगळवारी लायब्ररीत एका वर्गाला जात होते. पहिल्या काळातल्या ख्रिस्ती मंडळ्यांवर. शिकवणारी बाई उत्तर आयर्लंडच्या सीमेजवळच्या गावची, पिकलेल्या केसांची, आणि माझ्याहून संशयी. मला फार आवडली. ती म्हणायची, दोन हजार वर्षांपूर्वीचं भांडण असलं तरी कशावरून झालं हे आधी विचारू नका. जेवायला आधी कोण बसलं ते विचारा.

तिनं करिंथचं सांगितलं. ग्रीसमधलं बंदराचं शहर. मंडळी एखाद्या पैसेवाल्याच्या घरी जमायची, कारण एवढी जागा दुसऱ्या कुणाकडे असणार. ज्यांना कामधंद्याची घाई नाही ते लवकर यायचे, आतल्या खोलीत बसून खायचे-प्यायचे. गुलाम आणि गोदीतले हमाल काम सुटल्यावर यायचे, तोवर पातेली रिकामी. आणि त्याच मंडळीत मूर्तीपुढे ठेवलेल्या मांसावरून वाद. पैसेवाल्यांच्या घरी मांस नेहमीचंच, शिवाय धंद्याच्या ओळखी देवळातल्या मेजवान्यांतच व्हायच्या. ते म्हणायचे, मूर्ती म्हणजे काहीच नाही, खुशाल खा. गरिबाच्या तोंडी मांस पडायचं ते देवाच्या जत्रेतच, त्यामुळे त्याला त्या तुकड्याला देवळाचाच वास यायचा. ती मंडळी उभी करणाऱ्या प्रेषिताला पत्र लिहून दोघांना दटावावं लागलं. मी बाकावर बसून ऐकत होते आणि मला ॲडम्सटाउनचा सोफा दिसत होता.

वर्ग सुटल्यावर मी त्या बाईला आमची हकीकत सांगितली. ती हसली नाही. म्हणाली, आमच्या गावात माणसाचं नाव आणि शाळा विचारली की तो कुठल्या चर्चचा, कॅथलिक की प्रोटेस्टंट, ते कळतं, आणि चर्च कळलं की त्याची जमीन ओढ्याच्या वर की खाली तेही कळतं. तुमच्यात काय विचारतात?

काय विचारतात. आमच्यात जात नाही, असं आम्ही सगळे छातीवर हात ठेवून सांगतो. आणि नवा माणूस आला की विचारतो, मूळचे कुठले? गाव सांगितलं की, कुठल्या मिशनचे? मिशन सांगितलं की, आजोबा काय करायचे? एवढ्यात कळतं, बाप्तिस्म्याआधी पणजोबांचं घर वेशीच्या आत होतं की बाहेर. डॉक्टरीणबाईंच्या घराण्यात पणजोबा शास्त्री होते, ते त्या कुणी न विचारताही सांगतात. माझं घराणं वेशीबाहेरचं. जालन्याचीचंही. हे मी त्या बाईला नाही सांगितलं. परक्यासमोर कशाला.

ऑक्टोबरच्या प्रार्थनेच्या आधी पाळकांचा फोन आला, मला, कारण मी वयानं मोठी. म्हणाले, मंडळीत शांती राहावी म्हणून त्या जालन्याच्या बहिणीनं सर्वांसमोर दिलगिरी व्यक्त करावी. तोवर तिनं प्रभुभोजनाला न बसलेलं बरं. मी विचारलं, हे तुमचं मत की ॲडम्सटाउनचं? ते म्हणाले, प्रार्थना करू या.

त्या संध्याकाळी मी तिला नर्सिंग होमपासून गाडीत घेतलं आणि सांगितलं. तिनं पट्टा लावला. मग म्हणाली, "ताई, भाकर तशीही मला मिळत नव्हतीच. आता कारण मिळालं त्यांना."

मी माझ्या स्वभावाप्रमाणे तिलाही सोडलं नाही. म्हटलं, खरं सांग, तुला त्या मोदकाचं खरंच एवढं वाटतं?

"गावाकडं शेजारच्या काकूंचा प्रसाद मीच सगळ्यांच्या आधी खायचे," ती म्हणाली. "आई म्हणायची, खा, देणाऱ्याचं मन मोडू नये."

"मग इथं काय झालं?"

"इथं कुणी दिलाच नाही ना."

एवढं बोलून ती रडायला लागली. रागानं रडत होती. म्हणाली, माफी मागणार नाही, पण ही मंडळी गेली तर माझ्याकडे काय राहिलं, फोनवरची लेकच ना. मी गाडी बाजूला घेतली. मला तिचं इतकं वाईट वाटलं की त्या डॉक्टरीणबाईंचं थोबाड रंगवावंसं वाटलं, आणि मी दुसऱ्याच दिवशी त्यांच्याकडे गेले.

त्यांनी चहा टाकला. मी सरळ विचारलं, चारची वेळ कुणी ठरवली? पाळकांचं नाव सांगू नका, मी विचारून आलेय.

त्यांनी कप माझ्यासमोर ठेवला. मग म्हणाल्या, "सहाला जमलं की आवरेपर्यंत खूप उशीर होतो. सोमवारी सकाळी माझं ऑपरेशन थिएटर असतं. झोप अर्धवट ठेवून मी लोकांना भूल देऊ?"

हे मला अपेक्षित नव्हतं. मला कट हवा होता आणि निघाली नुसती सोय. पण सोय कुणाची, हाही प्रश्नच आहे. मी म्हटलं, ती पोरगी भाकरीवाचून राहते. त्या म्हणाल्या, "मी तिला दूर ठेवते का? ज्यानं त्यानं आपली वेळ बघावी. आणि काय हो, मूळची कुठली ती?"

मी चहा अर्धा ठेवून उठले. आपला तर कानाला खडा, असं मनात म्हणत घरी आले.

त्यानंतर दोन दिवसांनी ग्रुपवर तिचा मेसेज आला. सगळे दिलगिरीची वाट बघत होते. तिनं लिहिलं होतं: "या महिन्याची प्रार्थना आणि प्रीतिभोजन माझ्या घरी ठेवावे ही विनंती. मी सुट्टी घेतली आहे. सर्वांच्या सोयीने चार वाजता. सर्वांनी जेवायलाच यावे."

बाई गं, काय शांतता पसरली. कधी नव्हे ती. आपल्या मंडळीत आजवर कुठल्याच खोलीवाल्याकडे कुणी जेवलं नव्हतं, हे मला तेव्हा कळलं. पाळकांनी "ग्रँड, प्रभूची स्तुती असो" लिहिलं. बाकीच्यांनी अंगठे टाकले. त्या अंगठ्यांवर माझा काडीचा विश्वास नव्हता.

मी त्या रविवारी दुपारीच तिच्याकडे गेले, मदतीला म्हणून, आणि खरं तर पहाऱ्याला म्हणून. बरोबरच्या बायांनी तिला दिवाणखाना मोकळा करून दिला होता. तिनं जमिनीवर स्वच्छ चादरी अंथरल्या होत्या. मटण शिजत होतं. आईनं पाठवलेला येसर, म्हणजे त्यांच्याकडचा भाजून कुटलेला मसाला, तिनं सगळाच्या सगळा वापरला होता. बाजरीच्या भाकऱ्यांची चळत फडक्यात गुंडाळलेली. ती सारखी मला विचारत होती, तिखट झालं का, मोठ्या लोकांना चालेल का. मी म्हटलं, न चालायला काय झालं. आणि घड्याळाकडे बघितलं.

चार वाजले. फोन वाजायला लागला. एकाला अचानक ऑन कॉल. एकाच्या मुलाला ताप. एकांची गाडी सुरू होईना. खोलीवाल्यांपैकीही काहीजण नाहीत, ड्यूटी बदलली म्हणे. प्रसाद नको म्हणताना ही माणसं तिच्या बाजूची होती. पाळकांचा मेसेज, गॉलवेहून निघायला उशीर झालाय, सुरुवात करा. मी एकेक मेसेज दोनदोनदा वाचत होते. ताप खरा असेल. गाडीचंही खरं असेल. पण सगळ्यांचंच एका रविवारी खरं कसं? ती चादरीच्या सुरकुत्या सारख्या करत होती.

मग बेल वाजली. दारात डॉक्टरीणबाई, एकट्याच, हातात भलामोठा कॅसरोल.

मला काय वाटलं सांगू? माझं डोकंच फिरलं. स्वतःचं जेवण घेऊन आल्या. "तुला त्रास नको म्हणून आणलं" म्हणायचं, आपल्या डब्यातलं दोन घास खायचं आणि निघायचं. ही युक्ती माझ्या आजीच्या काळापासून आमच्या ओळखीची आहे. जालन्याचीनंही तो कॅसरोल बघितला, आणि तिचा चेहरा पडला. तरी तिनं हात पुढे केले आणि "सलाम ताई, या" म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. माझा चेहरा काही लपत नाही. त्या कॅसरोल न देताच दारात उभ्या राहिल्या.

"हे आज उघडायचं नाही," त्या म्हणाल्या. "हे तुला उद्या ड्यूटीवर न्यायला. आज मी तुझ्या हातचं जेवणार आहे." मग जरा खाली बघून म्हणाल्या, "मी इथं नवी आले तेव्हा मराठी मंडळात सगळे एकेक पदार्थ नेत असू. माझा डबा भरलेला न्यायचा आणि भरलेलाच परत आणायचा. लोक म्हणायचे, ख्रिश्चनांच्या घरचं, काय घातलं असेल कुणास ठाऊक. दोन वर्षं तसंच. घरी येऊन मी एकटी ते खायची. मग एकदा आरतीनंतर मी सगळ्यांसमोर प्रसाद घेतला, आणि पुढच्या वेळी माझ्या डब्यातला तळ दिसला." त्यांनी कॅसरोल पोटाशी धरला. "सगळ्यांचे मेसेज मीही वाचले आज. घरात बसवेना."

मी कॅसरोल त्यांच्या हातातून घेतला आणि ओट्यावर नेऊन ठेवला. 

त्या चादरीवर मांडी घालून बसल्या. जालन्याचीनं ताट वाढलं. बाईंनी भाकरी मोडली, रश्शात बुडवली, खाल्ली. डोळ्यांत पाणी आलं, येसरानं की कशानं देव जाणे. पाणी प्यायल्या आणि पुन्हा भाकरी मोडली. मग म्हणाल्या, "एक फोड वाढ अजून." जालन्याचीनं दोन वाढल्या.

"आणि प्रसादाचं काय, ताई?" तिनं वाढता वाढता विचारलं. सोडणारी नव्हतीच ती.

"त्यावर भांडू की," त्या म्हणाल्या. "तू अजून जेवली नाहीस. बस आधी."

आम्ही तिघी बसून जेवलो. मटण फक्कड झालं होतं. पातेलं मात्र काठोकाठ तसंच होतं, आणि फडक्यातली चळतही. जालन्याची मधूनमधून खिडकीकडे बघत होती.

"आता कुणी येणार नाही ना, ताई?" तिनं मला विचारलं.

"येतील गं," डॉक्टरीणबाई घाईघाईनं म्हणाल्या. "ट्रॅफिक असेल."

रविवारी लुकनला कसलं आलंय ट्रॅफिक.  जालन्याची उठली, तिनं पातेलं पुन्हा शेगडीवर चढवलं, आच अगदी बारीक केली आणि झाकण ठेवलं. म्हणाली, "उशिरा कुणी आलंच तर गार नको मिळायला."